सोलापूरच्या बागेसाठी गवत कापण्याचे यंत्र कसे निवडावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंगल्याच्या अंगणातील हिरवळ, सोसायटीची बाग, शेतावरच्या घरापुढचा मोकळा तुकडा आणि मंगल कार्यालयाचे लॉन अशा वेगवेगळ्या जागांसाठी लॉन मूव्हर घेऊ पाहणाऱ्या सोलापूर शहरातील व जिल्ह्यातील वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. या विषयावर इंटरनेटवर मिळणारा बहुतेक सल्ला थंड आणि ओलसर हवामानातील हिरवळीसाठी लिहिलेला असतो. काळ्या मातीत, काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्यावर तग धरणाऱ्या हरळीला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. आमचे एक मत आधीच सांगून ठेवतो: सोलापुरात लोक सहसा गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गवत कापण्याची यंत्रे मुळात किती प्रकारची असतात आणि त्यांच्यात नेमका फरक काय?

यंत्र गवत कसे कापते आणि ते कशावर चालते, या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. कापण्याच्या पद्धती दोन आहेत. रील पद्धतीत पिळदार पात्यांचा दंडगोल फिरतो आणि खाली बसवलेल्या स्थिर पात्यावर गवताची काडी धरून ती कात्रीसारखी कापतो. काप स्वच्छ येतो, टोके पिवळी पडत नाहीत आणि गवत अगदी आखूड ठेवता येते. रोटरी पद्धतीत यंत्राच्या पोटाखाली एकच आडवे पाते मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेत फिरते आणि वेगाच्या जोरावर गवत तोडते. काप रीलइतका रेखीव नसतो, पण उंच वाढलेले, ओबडधोबड, मधून तण उगवलेले गवतही हे यंत्र कापू शकते. चालवण्याच्या दृष्टीने पाहिले तर हाताने ढकलण्याचे, वायरवर चालणारे, बॅटरीवर चालणारे आणि पेट्रोलवर चालणारे असे चार पर्याय राहतात. घरगुती वापरात हाताचे यंत्र जवळजवळ नेहमी रीलचे असते, तर उरलेली तीन बहुधा रोटरी असतात. हाताच्या यंत्रांत दुकानदार ‘व्हील टाइप’ आणि ‘रोलर टाइप’ असे आणखी दोन प्रकार सांगतात. पहिल्यात दोन बाजूंच्या चाकांवरून पाती फिरतात आणि ते हलके असते. दुसऱ्यात मागे रूळ असतो, ते जड असते आणि पूर्ण सपाट जागेवरच शोभते.

रील यंत्राची कुळकथा सोलापूरकरांना जवळची वाटावी अशी आहे. इंग्लंडमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये या यंत्राचे पेटंट घेतले, आणि त्यांना ही कल्पना सुचली ती कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून. वेलर टॉवेलचे शिअरिंग, म्हणजे त्यावरची लव कातरण्याचे काम, ज्यांनी पाहिले आहे, त्यांना रील मूव्हरची पाती कशी काम करतात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

२. हिरवळीचे क्षेत्र कसे मोजावे आणि त्यावरून यंत्राची रुंदी कशी ठरवावी?

प्लॉटचे क्षेत्र आणि हिरवळीचे क्षेत्र यांत गल्लत होऊ देऊ नये. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोड भागातील दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर, म्हणजे २,१७८ चौरस फुटांवर, घर, गाडीची जागा, बोअर आणि टाकी वजा जाता प्रत्यक्ष हिरवळ पुष्कळदा ३०० ते ५०० चौरस फूटच उरते. टेप घेऊन हिरवळीचे चौकोनी तुकडे पाडून मोजावेत आणि वाफे, पायवाटा व झाडांची आळी वजा करावीत.

१०० चौरस फुटांपेक्षा कमी जागेसाठी यंत्र घेऊच नये. लांब दांड्याची हिरवळीची कात्री पुरते. त्यापुढे साधारण ५०० चौरस फुटांपर्यंत ३० सेंटिमीटर रुंदीचे हाताचे रील यंत्र, एक-दोन गुंठ्यांपर्यंत ३२ ते ३८ सेंटिमीटरचे विजेचे किंवा बॅटरीचे यंत्र, आणि त्याहून मोठ्या जागेसाठी ४२ सेंटिमीटरच्या पुढचे पेट्रोलचे यंत्र, असा हिशेब धरावा. रुंदी वाढली की काम लवकर होते हे खरे. परंतु ३० सेंटिमीटरच्या यंत्रानेही एक गुंठा हिरवळ, वळणे आणि गवताची पेटी रिकामी करणे धरून, अर्ध्या तासाच्या आसपास कापून होते. पंधरा मिनिटे वाचवण्यासाठी दुप्पट वजनाचे यंत्र जिन्याखालून ओढत आणण्यात शहाणपण नाही. मुख्य म्हणजे घेण्यापूर्वी फाटकाच्या, बोळाच्या आणि दोन झाडांमधल्या सर्वांत अरुंद जागेचे माप घ्यावे.

३. गवताच्या जातीवरून यंत्र बदलते का?

बदलते, आणि बहुतेक खरेदीत हीच गोष्ट विचारली जात नाही. सोलापूरच्या बागांत मुख्यतः हरळीच असते: कुठे बांधावरची साधी, तर कुठे नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ या नावाने मिळणारी बारीक पात्याची. दोन्ही आखूड कापणी सोसतात आणि रील यंत्राखाली उत्तम दिसतात. मेक्सिकन किंवा कोरियन नावाने विकले जाणारे गवत दाट व चिवट असते आणि सावकाश वाढते. त्यावर हलके व्हील टाइप यंत्र घसरत जाते आणि पाती अडकतात. त्यामुळे त्यासाठी धारदार पात्याचे विजेचे रोटरी यंत्र बरे. कोरियन गवत जुने झाले की त्याचे उंचवटे तयार होतात आणि यंत्र त्या उंचवट्यांचे डोके सोलून काढते, ज्यामुळे खालचा तपकिरी भाग उघडा पडतो. अशा वेळी यंत्राची उंची वाढवावी किंवा उंचवटे कुदळीने काढून पुन्हा लावावेत. झाडाच्या सावलीत लावलेले रुंद पात्याचे बफेलो गवत आखूड कापणी सोसत नाही, त्यामुळे तेथेही रोटरीच हवे.

४. गवत किती उंच ठेवावे आणि किती दिवसांनी कापावे?

एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये, हा नियम सर्व जातींना लागू आहे. सिलेक्शन वन हरळी रील यंत्राने २० ते २५ मिलिमीटर आणि रोटरीने ३० ते ४० मिलिमीटर ठेवावी, मेक्सिकन २५ ते ४०, तर बफेलो ४० ते ६० मिलिमीटर. मार्चपासून ही उंची १०-१५ मिलिमीटरने वाढवावी. उंच पाती मुळांवर सावली धरतात आणि जमिनीतील ओल टिकते. आपल्याकडील सर्व हिरवळी उष्ण हवामानातील गवतांच्या असल्याने जून ते मध्य ऑक्टोबर त्या भराभर वाढतात आणि दर आठवड्याला कापाव्या लागतात, डिसेंबर-जानेवारीत तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरते, आणि पुढे किती पाणी देता येते त्यावर सारे अवलंबून असते. म्हणून यंत्र निवडताना ते किती खालपर्यंत कापते यापेक्षा उंची किती टप्प्यांत आणि किती सहज बदलता येते हे पाहावे. एकाच दांडीने चारही चाकांची उंची बदलणारे यंत्र, प्रत्येक चाकाचा नट पान्याने सोडवायला लावणाऱ्या यंत्रापेक्षा, दीर्घकाळ वापरात राहते.

५. उन्हाळ्यात आमच्याकडे हिरवळीला पाणीच उरत नाही. मग यंत्र घेण्यात अर्थ आहे का?

प्रश्न रास्त आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मे महिन्यांत दिवसाला ५ मिलिमीटर धरले, आणि हे प्रमाण कमीतच कमी आहे, तरी ४०० चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटरच्या हिरवळीला रोज १८५ लिटर पाणी लागते. उजनी धरणाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या आणि काही दिवसांआड नळ येणाऱ्या शहरात एवढे पाणी बोअरशिवाय निघत नाही. हरळी मात्र पाण्यावाचून मरत नाही. ती पिवळी पडून निजते आणि पहिल्या चांगल्या पावसाने पुन्हा हिरवी होते. निजलेल्या हिरवळीवर यंत्र चालवू नये.

याचा अर्थ असा की अनेक घरांत यंत्राचा खरा उपयोग वर्षातून पाच-सहा महिनेच होतो, आणि उरलेले महिने ते नुसते उभे राहते. उभे राहून बिघडणारे यंत्र कोणते, तर पेट्रोलचे (प्रश्न ८ पाहा). हाताचे रील यंत्र पात्यांना तेल लावून भिंतीला टेकवले की पुढच्या जूनपर्यंत विसरता येते. ज्यांच्याकडे बोअरचे पाणी नाही, त्यांना आम्ही प्रथम हिरवळ निम्मी करण्याचा आणि मगच यंत्र पाहण्याचा सल्ला देतो.

६. विजेचे, बॅटरीचे की पेट्रोलचे? एका वाक्यात सांगा.

घराच्या भिंतीपासून २५-३० मीटरच्या आत हिरवळ असेल तर वायरचे, मध्ये झाडे आणि वाफे बरेच असतील व क्षेत्र दोन गुंठ्यांच्या आत असेल तर बॅटरीचे, आणि शेतावर, मोठ्या कार्यालयात किंवा जेथे वीज भरवशाची नाही तेथे पेट्रोलचे घ्यावे.

वायरच्या यंत्राला चालवण्याचा खर्च नगण्य असतो. १,४०० वॉटचे यंत्र अर्धा तास चालले तर ०.७ युनिट वीज जाते. त्याचे वजन बहुधा १० ते १६ किलो असते आणि देखभाल म्हणजे धार लावणे व पुसणे एवढीच. बॅटरीच्या बाबतीत आकडे नीट वाचावेत. ३६ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तास म्हणजे १४४ वॅट-तास एवढीच साठवण. दाट हरळीत ती २०-३० मिनिटांत संपते. पेटीत बॅटरी आणि चार्जर आहे की ते वेगळे घ्यावे लागतात, हे विचारून घ्यावे, कारण किमतीचा मोठा वाटा बॅटरीचाच असतो. लिथियम बॅटरीला आपला उन्हाळा मानवत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ती ठेवू नये, आणि भर दुपारच्या कापणीनंतर गरम असतानाच चार्जिंगला लावू नये; सावलीत निवल्यावर, शक्यतो रात्री, घरात चार्ज करावी.

७. वायरचे यंत्र घरातील साध्या प्लगवर चालेल का? वायर किती लांब चालते?

१,४०० वॉटला २३० व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर करंट लागतो, म्हणजे साधा ६ अँपिअरचा प्लग अगदी काठावर येतो आणि सुरू होतानाचा झटका त्याला सोसत नाही. व्हरांड्यात १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट काढून घ्यावा. एक्स्टेंशनसाठी तीन तारांची तांब्याची लवचीक वायर घ्यावी: २० मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटर, त्यापुढे २.५. पातळ वायरीवर व्होल्टेज पडते, मोटर मंद चालते, तापते आणि शेवटी जळते. ‘यंत्रच खराब निघाले’ अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा वीस रुपये मीटरवाली वायर असते. चकरीवर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडूनच वापरावी.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच. पाते वायरीवरून गेले तर जीव वाचवणारे साधन हेच आहे. मुख्य बोर्डावर तो नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे, यंत्र नंतर आणावे. कापताना घराच्या बाजूने सुरुवात करून दूर जावे, म्हणजे वायर कापलेल्या भागावर मागे राहते. ओल्या गवतात वायरचे यंत्र चालवू नये.

८. पेट्रोलच्या यंत्राची कोणती काळजी आधी माहीत असायला हवी?

घरगुती पेट्रोल मूव्हर बहुधा १४० ते १९० सीसीचे, फोर-स्ट्रोक इंजिनाचे असतात. त्यांत तेल वेगळे असते आणि पेट्रोल वेगळे. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे नसते. तेल एसएई ३० किंवा पुस्तिकेत सांगितलेले असावे, आणि नवे यंत्र पेटीतून निघते तेव्हा त्यात बहुधा तेल नसते, हे ध्यानात ठेवावे. तेलावाचून पहिल्याच दिवशी इंजिन जाम झाल्याच्या कहाण्या प्रत्येक गॅरेजवाला सांगू शकेल.

दुसरा विषय इंधनाचा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर लहान इंजिनांच्या अनेक पुस्तिकांत १० टक्क्यांचीच मर्यादा दिलेली असते. खरेदीपूर्वी हे यंत्र ई२० पेट्रोलवर चालते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि टाकीत महिनोन्महिने राहिलेले पेट्रोल कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट राळ धरते. ऑक्टोबरअखेरीस यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. पाते पाहण्यासाठी यंत्र आडवे करायचे असेल तर प्रथम स्पार्क प्लगची टोपी काढावी, आणि एअर फिल्टरची बाजू वर राहील असेच कलवावे. उलट केले तर तेल फिल्टरमध्ये उतरते आणि यंत्र पांढरा धूर सोडते.

९. आमची जमीन काळी आहे. पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. यंत्राची निवड त्यामुळे बदलते का?

बदलते, प्रामुख्याने वजनाच्या दृष्टीने. काळी माती ओली असताना फुगते आणि मऊ होते. अशा जमिनीवर ३० किलोचे पेट्रोल यंत्र चालवले तर चाकांच्या चाऱ्या पडतात, त्या वाळून कडक होतात आणि पुढच्या वेळी त्याच चाऱ्यांतून यंत्र डुगडुगत जाऊन गवत लाटालाटांचे कापले जाते. पाऊस थांबल्यावर निदान एक-दोन दिवस कापणी करू नये. त्यासाठी सोपी परीक्षा अशी: टाच दाबून फिरवल्यावर मातीवर चकाकता ठसा उमटला तर अजून थांबावे. चाके शक्यतो रुंद घ्यावीत. अरुंद, खोल नक्षीच्या चाकांत चिखल भरतो.

उन्हाळी भेगांत पुढची लहान चाके अडकतात आणि यंत्र एकदम पुढे कलून पाते मातीला लागते. त्यावर यंत्र बदलणे हा उपाय नव्हे. पावसाळ्याच्या तोंडी बारीक चाळलेली वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत यांचा पातळ थर हिरवळीवर पसरून झाडूने भेगांत लोटावा, आणि दरवर्षी तसे करत राहावे. तीन-चार पावसाळ्यांनंतर जमीन इतकी सपाट होते की रील यंत्र तिच्यावर सुखाने चालते.

१०. प्लॉटवर मुरमाची भर घातलेली आहे आणि सारखे खडे वर येतात. कोणते यंत्र टिकेल?

रील टिकणार नाही. एक खडा पिळदार पाते आणि स्थिर पाते यांच्यामध्ये आला की दोन्हींना दात पडतात, आणि तेथून पुढे प्रत्येक फेरीत त्या ठिकाणी गवताची एक न कापलेली रेघ उभी राहते. रोटरीचे पाते खड्याने बोथट होते पण कानसेने पुन्हा धारेवर येते. धोका वेगळाच असतो: खडा गोळीच्या वेगाने बाहेर फेकला जातो. त्यामुळे मागची झडप आणि गवताची पेटी जागेवर असल्याशिवाय यंत्र चालवू नये, मुले व कुत्री अंगणात नसावीत, पायांत चप्पल नव्हे तर बूट असावेत. भर घातलेल्या जागेवर किमान १५ सेंटिमीटर चांगली माती टाकल्याशिवाय हिरवळ लावू नये, हे खरे तर आधीच कोणीतरी सांगायला हवे असते.

११. गावी गेलो होतो, परत येईपर्यंत गवत गुडघ्याएवढे झाले. आता मूव्हर चालेल का?

थेट चालणार नाही. आधी विळ्याने किंवा ब्रश कटरने (प्रश्न १२ पाहा) गवत वीतभर करावे, गोळा करावे, आणि मग रोटरी यंत्र सर्वांत वरच्या उंचीवर ठेवून एकदा, आठवड्याने एक टप्पा खाली आणून पुन्हा, असे दोन-तीन हप्त्यांत नेहमीच्या उंचीवर यावे. हाताचे रील यंत्र असे उंच गवत वाकवून मागे टाकते, कापत नाही.

उंच गवतात शिरण्यापूर्वी लांब काठीने ते झोडपून घ्यावे. घोणस आणि फुरसे हे दोन्ही विषारी साप आपल्या भागात आढळतात आणि पावसाळ्यातील दाट गवत त्यांना मानवते. विशेषतः शहराच्या कडेच्या वसाहतींत आणि शेतावरच्या घरांत गुडघ्यापर्यंतचे गमबूट घातल्यावाचून हे काम करू नये.

१२. माळी स्वतःचा ब्रश कटर घेऊन येतो. मग वेगळा मूव्हर कशाला?

ब्रश कटर हे मूळचे झुडपे, बांध आणि चारा कापण्याचे साधन आहे. हातावर तोलून धरलेले असल्यामुळे कापाची उंची माळ्याच्या खांद्यावर अवलंबून राहते. हिरवळ कुठे सोललेली तर कुठे राहिलेली दिसते आणि नायलॉन दोरी काड्या चिरत असल्याने दोन दिवसांत टोके पांढरी पडतात. हिरवळ केवळ साफ दिसावी एवढीच अपेक्षा असेल तर वेगळा खर्च करू नये. एकसारखी हिरवळ हवी असेल तर छोटे विजेचे यंत्र घरी घ्यावे, ते माळ्याच्या हाती द्यावे, आणि भिंतीच्या कडा व झाडांभोवतीचे गवत त्याने आपल्या कटरने कापावे. मात्र दोरी लहान झाडांच्या बुंध्याची साल चहूबाजूंनी सोलते आणि झाड वाळते. बुंध्याभोवती वीतभर जागा गवताविना ठेवावी. टू-स्ट्रोक ब्रश कटरमध्ये पेट्रोलसोबत तेल मिसळावे लागते, ५०:१ प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर. तेच मिश्रण मूव्हरमध्ये ओतू नये, यासाठी कॅन वेगळ्या रंगाचे ठेवावेत.

१३. मंगल कार्यालयाच्या मोठ्या लॉनसाठी काय घ्यावे?

अर्ध्या एकराच्या आसपास लॉन असेल तर ४६ ते ५३ सेंटिमीटर रुंदीचे, स्वतः पुढे सरकणारे, म्हणजे सेल्फ-प्रोपेल्ड पेट्रोल रोटरी यंत्र घ्यावे, आणि लग्नसराईत एक बंद पडले तर अडू नये म्हणून त्याचे पाते, पट्टा, केबल व स्पार्क प्लग यांचा एकेक सुटा संच जवळ ठेवावा. यंत्र घेताना रुंदीइतकेच गवताच्या पेटीच्या आकाराकडे पाहावे. ६० लिटरपेक्षा लहान पेटी असेल तर माणूस कापण्यापेक्षा रिकामी करण्यातच दमतो.

कार्यालयाच्या लॉनचा खरा शत्रू मांडव आहे. मांडवाचे खिळे, बांधणीची तार, सजावटीच्या टाचण्या, केबलचे प्लास्टिक टाय आणि बाटल्यांची झाकणे गवतात दडून राहतात. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी चुंबक बांधलेली लांब पट्टी लॉनवरून ओढून घ्यावी आणि मगच यंत्र काढावे. खुर्च्या-टेबलांनी दबलेले गवत त्याच दिवशी कापू नये; पाणी देऊन दोन दिवस उठू द्यावे. समारंभासाठी कापायचे असेल तर आदल्या दिवशी नव्हे, तीन दिवस आधी कापावे, म्हणजे टोकांचा पिवळटपणा निघून जातो.

१४. माझे वय सत्तरच्या पुढे आहे. कोणते यंत्र झेपेल?

वजन तर पाहावेच, पण ढकलण्याचा जोरही पाहावा, कारण ७-८ किलोचे हाताचे रील यंत्र उचलायला हलके असले तरी दाट हरळीत ढकलायला जड जाते. सपाट, आठवड्याला कापल्या जाणाऱ्या छोट्या हिरवळीसाठी ते ठीक आहे. अन्यथा ३२ सेंटिमीटरचे विजेचे किंवा बॅटरीचे यंत्र घ्यावे. ज्याचा हँडल दुमडतो आणि जे एका हाताने उचलता येते, असेच निवडावे. दोरी ओढून सुरू करावे लागणारे पेट्रोल यंत्र खांदा दुखत असलेल्यांनी टाळावे. दुकानात यंत्र नुसते पाहू नये. एक पायरी चढवून पाहावे.

१५. सकाळी सहाला यंत्र चालवले तर शेजारी तक्रार करतात. नियम काय आहे?

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत, ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पेट्रोल मूव्हरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी ९० डेसिबलच्या पुढे जातो. सोसायटीत पेट्रोलचे यंत्र घेऊच नये. सकाळी दव असते, दुपारी ऊन असते, त्यामुळे पाच-साडेपाचनंतरची वेळ गवतालाही चांगली आणि शेजाऱ्यांनाही.

१६. कापलेले गवत पेटीत गोळा करावे की तसेच राहू द्यावे?

आठवड्याला कापत असाल आणि तुकडे बारीक असतील तर पावसाळ्याचे ऐन दिवस वगळता राहू द्यावे. ते कुजून नत्र परत जमिनीला मिळते. ‘मल्चिंग’ची सोय असलेले रोटरी यंत्र हे तुकडे पुन्हा पुन्हा कापते. ओले आणि लांब गवत मात्र गोळा करावे, नाहीतर खालची हरळी गुदमरते. गोळा केलेले गवत गाईला घालण्यापूर्वी त्यावर तणनाशक मारलेले नाही, याची खात्री करावी. पेट्रोल यंत्राचे तेल गळत असेल तर तेही गवत जनावराला घालू नये.

१७. मूव्हर नियमित चालवल्याने लव्हाळा जाईल का?

जाणार नाही. लव्हाळा जमिनीतील गाठींपासून पुन्हा उगवतो, आणि हरळीपेक्षा वेगाने वाढत असल्याने कापल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचीच टोके वर दिसतात. यंत्राने तो दबतो, एवढेच. गाठीसकट खुरप्याने काढणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

१८. पात्याला धार केव्हा आणि कुठे लावावी?

कापणीनंतर दुसऱ्या दिवशी गवताचे एक टोक नखावर धरून पाहावे: कड सरळ असेल तर धार ठीक आहे, कडेला पांढरे तंतू लोंबत असतील तर पाते बोथट झाले आहे. रोटरीचे पाते काढून कानसेने मूळच्याच कोनात, साधारण ३० अंशांत, धार लावता येते. मग ते मधल्या छिद्रातून भिंतीतील खिळ्यावर अडकवावे. एक बाजू खाली झुकली तर त्या बाजूचे थोडे लोखंड आणखी काढावे, कारण असंतुलित पाते मोटरचे बेअरिंग खाते. पाते परत बसवताना धारेची बाजू फिरण्याच्या दिशेला आणि पंखासारखा वळलेला भाग वर असावा. उलटे बसलेले पाते गवत नुसते झोडते.

रीलचे काम वेगळे आहे. रस्त्यावरच्या धारवाल्याकडे ते देऊ नये. पिळदार पाती आणि स्थिर पाते यांच्यात कागदाएवढी फट राहील असे स्क्रू जुळवणे हेच निम्मे काम असते. वर्तमानपत्राची पट्टी त्यांच्यात धरून रील हाताने सावकाश फिरवावे. पट्टी सर्व ठिकाणी कापली गेली तर यंत्र उत्तम आहे, एखाद्या ठिकाणी ती नुसतीच मुडपली तर तेथे फट आहे. दात पडले असतील तर घासकामाची पेस्ट लावून रील उलट दिशेने फिरवणारा जाणकार शोधावा.

१९. अंगण उतरते आहे. काही वेगळे लागते का?

१० फूट अंतरात अडीच फुटांपेक्षा जास्त चढ असेल तर तेथे मूव्हर चालवू नये. त्या भागात हिरवळीऐवजी वेल किंवा झुडपे लावावीत. त्याहून कमी उतारावर यंत्र उताराला आडवे चालवावे, वर-खाली नव्हे.

२०. रोबोट मूव्हर सोलापुरात चालेल का?

यंत्र म्हणून चालेल. पण भेगाळ जमीन, उघड्या फाटकातून येणाऱ्या शेळ्या आणि सुट्या भागांची वाट पाहण्याचे दिवस लक्षात घेता आम्ही तो सध्या कोणालाही सुचवत नाही.

२१. जुने यंत्र स्वस्तात मिळत आहे. काय तपासून घ्यावे?

हाताचे रील यंत्र जुने घ्यायला हरकत नाही. जुन्या ओतीव लोखंडाच्या यंत्रांचे आयुष्य मोठे असते. प्रश्न १८ मधील कागदाची परीक्षा घ्यावी आणि रील बाजूला हलवून बेअरिंगचा खेळ पाहावा. विजेच्या यंत्रात वायर जेथे हँडलमध्ये शिरते ती जागा चिकटपट्टीने गुंडाळलेली असेल, तर ते नाकारावे. हँडलवरची दांडी सोडताच पाते काही सेकंदांत थांबले पाहिजे; ती दांडी तारेने बांधून ठेवलेली असेल, आणि असे अनेकदा दिसते, तर किंमत कितीही कमी असली तरी यंत्र घेऊ नये. बॅटरीचे जुने यंत्र घेणे म्हणजे बहुधा नव्या बॅटरीचा खर्च अंगावर घेणे होय.

पेट्रोलचे यंत्र पाहायला जाताना विक्रेत्याला आधी सुरू करून ठेवू नका असे सांगावे, कारण गरम इंजिन दोष लपवते. थंड इंजिन तीन-चार ओढींत सुरू व्हावे, निळा धूर येऊ नये, आणि तेलाची काडी काढल्यावर तेल दुधाळ दिसू नये. शेवटी यंत्र बंद करून, स्पार्क प्लगची टोपी काढून, कलवून खालचा पत्रा पाहावा: वाळलेले गवत खरडल्यावर गंजाची भोके दिसली तर व्यवहार तेथेच थांबवावा, कारण पाते आणि चालवणाऱ्याचे पाय यांच्यामध्ये तो पत्राच असतो.